हाकेतली ‘इनी’

भावाला मुलगी झाली आणि नाव शोधायचं काम घरच्या रीतीप्रमाणे माझ्याकडे आलं. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तेव्हा ते शोधायची जबाबदारीही तिचीच, असं आमच्या आईचं म्हणणं. दादा फोनवर म्हणाला, “तू रोज वर्गभर पोरांची हजेरी घेतेस, तुला नावांना काय तोटा?”

तोटा नाहीच. मी दादरजवळच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते, हजेरीपट हे माझं रोजचं वाचन आहे. आर्या, स्वरा, काव्या, अनन्या, मायरा, इरा. बहुतेक मुलींची नावं ‘आ’वर संपतात आणि दोन-तीन अक्षरांत आटोपतात. ऐकायला छान आहेत, मुलींना शोभतातही. पण एका वर्गात दोन स्वरा आल्या की आडनावाचं आद्याक्षर जोडून हाक मारावी लागते आणि वर्षभर त्या पोरीचं नाव ‘स्वरा के’ होऊन बसतं. हे मला सोसत नाही. एवढ्या मोठ्या भाषेत त्या दोघींना दोन नावं मिळू नयेत?

माझ्या पटावर वर्षानुवर्षं न आलेलं एक घराणं आहे. मृणालिनी, सौदामिनी, मंदाकिनी, कादंबिनी. सगळ्या ‘इनी’वाल्या. ही नावं मला का आवडतात हे सांगायचं तर वृत्तांच्या तासाला बसावं लागेल. शेवटून दुसरं अक्षर ऱ्हस्व, शेवटचं दीर्घ. मृ-णा-लि-नी म्हणताना ‘लि’वर टेकायचं नाही, ‘नी’वर थांबायचं. सौ-दा-मि-नी, तसंच. आधी कितीही जड अक्षरं येवोत, शेवटचं हे लघु-गुरू ठरलेलं, त्यामुळे नाव खाली न पडता वर उचललं जातं. ‘नी’ हवी तेवढी लांबवता येते. आपल्या छंदशास्त्रानेही या शेवटाची नावं वृत्तांना दिलीत: ११ अक्षरांची शालिनी, १५ अक्षरांची मालिनी, १७ अक्षरांची शिखरिणी. शालिनी-मालिनी घराघरांत आल्या. शिखरिणी नावाची मुलगी मला अजून भेटलेली नाही. भेटावी अशी फार इच्छा आहे.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर शालूमावशी होती, नलूकाकू, कुमुदकाकू, सरूआत्या होत्या, पलीकडच्या खोलीत पद्माताई. मला ही त्यांची खरी नावंच वाटायची. शालूमावशी म्हणजे शालिनी हे विजेच्या बिलावरून कळलं. कुमुदकाकूंचं नाव कुमुदिनी होतं, हे तर त्या गेल्यावर पेपरात निधनवार्ता आली तेव्हा समजलं. इतकी वर्षं शेजारी राहून आम्ही त्यांना अर्ध्याच नावाने ओळखत होतो.

आजीचं आणखी पुढचं. तिचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, मंदाकिनी. आजोबांनी हौसेने निवडलेलं. पण ताट उचललं आणि तिची मंदा झाली ती कायमची. मी शाळेत होते तेव्हा पेन्शनच्या कामाला आजीबरोबर बँकेत जायचे. एकदा काउंटरवरच्या बाईंनी पुकारलं, “मंदाकिनी…” आजी बाकावर ढिम्म. त्यांनी पुन्हा पुकारलं. मी कोपराने ढोसलं, “आजी, तुला बोलावतायत.”

“मला? अगंबाई, हो की,” म्हणत ती उठली. पदर सारखा केला, काउंटरपाशी गेली आणि त्या बाईंना म्हणाली, “परत एकदा म्हणा हो. किती छान म्हणालात.”

त्या बाई आधी गोंधळल्या, मग हसल्या आणि परत म्हणाल्या. या खेपेला सावकाश, एकेक अक्षर सोडवून. घरी येताना ठाकूरद्वारच्या नाक्यावर रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा आजी म्हणाली, “तुझे आजोबासुद्धा मंदेच म्हणायचे गं.”

केदारनाथच्या हिमनदीतून निघून रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळणारी मंदाकिनी. एवढं पाणी वाहून नेणारं नाव, आणि त्यातलं आम्ही आजीला काय दिलं, तर मंदा.

तेव्हापासून माझ्या मनाने घेतलंय, की ‘इनी’ची नावं जुनी झाली म्हणून मागे पडली हे काही खरं नाही. ती कुणी पुरती उच्चारलीच नाहीत. बायकांना हाक मारायची ती कामासाठी, आणि कामाच्या घाईत पहिली कापली गेली ती शेवटची दोन अक्षरं. नेमका जिथे नावाचा गोडवा होता, तोच भाग शिधापत्रिकेवर आणि शाळेच्या दाखल्यावर पडून राहिला. पुढच्या पिढीने लहानपणी ऐकलं ते शालू, नलू, सरू. त्यांना ही नावं आजीची आणि फडताळात ठेवायची वाटली तर त्यांचा काय दोष?

तेव्हा भाचीसाठी नाव शोधायचं ते याच घराण्यातलं, पण चाळीत न आलेलं, असं मी ठरवलं. मोबाईलवरच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि बी.ए.ला घेतलेला अमरकोश खाली काढला. त्यात नुसत्या नदीच्या नावांत तरंगिणी, शैवलिनी, तटिनी, ह्रादिनी अशा एकीमागून एक येतात, पुढे स्रोतस्विनी आणि निर्झरिणी. रात्रीच्या नावांत निशीथिनी, तमस्विनी, यामिनी. ढगांच्या रांगेला कादंबिनी. आपण यातली यामिनी उचलली, क्वचित कुठे तरंगिणी. बाकीच्या तशाच बसून आहेत.

तटिनीवर माझा फार जीव जडला. तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, पहिलीतल्या मुलीला आठवडाभरात लिहिता येईल, रोमन लिपीतही गडबड होणार नाही. तट असलेली ती तटिनी, दोन्ही काठ सांभाळून वाहणारी. शैवलिनीही मला सुरेल वाटते, पण आईला अर्थ सांगितला आणि तिने कपाळाला हात लावला. “शेवाळ? पोरीचं नाव शेवाळावरून ठेवणार तू?” वाहत्या पाण्यातलं हिरवं शेवाळ किती सुंदर दिसतं हे मी सांगून पाहिलं. पावसाळ्यात आमच्या चाळीचा जिना शेवाळाने निसरडा व्हायचा आणि आई त्यावरून एकदा घसरली होती. तिथे काव्याचं काही चालणार नव्हतं.

यादी करताना ‘न’ आणि ‘ण’ यांचा प्रश्न येतोच, आणि मला तो मुलांना समजावून द्यायला मनापासून आवडतो. तरंगिणीत ‘ण’, मग सरोजिनीत ‘न’ का? ‘र’ तर दोन्हीकडे आहे. शब्दात आधी ऋ, र किंवा ष आला की पुढच्या ‘न’चा ‘ण’ होतो, पण वाट मोकळी असेल तरच. मध्ये स्वर, ह-य-व, क-वर्ग किंवा प-वर्ग असला तर चालतं, म्हणून रागिणी, रोहिणी, तरंगिणी. मध्ये च, ट, त यांच्या वर्गातलं अक्षर किंवा ल, श, स आडवं आलं की वाट अडते. सरोजिनीत ‘ज’ आडवा आहे. दादाच्या इमारतीत हिंदीभाषक शेजारी पुष्कळ, ते ‘ण’चा ‘न’ करणार हे गृहीत धरायला हवं. मला त्याचं वाईट वाटत नाही. शेवटची ‘ई’ शाबूत राहिली की मला पुरे.

काही नावं मी आवाज आवडूनही खोडली. मानिनी म्हणजे रुसून बसलेली, भामिनी म्हणजे रागावलेली, विरहिणी तर उघडच आहे. संस्कृतात बाईला नाव द्यायचं म्हटलं की पुष्कळदा ती कुणाची तरी वाट बघत असते नाहीतर कुणावर तरी चिडलेली असते. तान्ह्या पोरीवर कशाला लादायचं ते? वाहिनी सुंदर आहे, पण तो शब्द आता टीव्हीने घेतला.

एक नाव मला कोशाने दिलं नाही, बातम्यांनी दिलं. तारिणी. नौदलाच्या या शिडाच्या बोटीतून सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालून मे २०१८ मध्ये परत आल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात त्याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती सफर पुरी केली. मी दोन्ही वेळा वर्गात जगाचा नकाशा टांगला होता आणि मुलींनी पिना टोचून त्यांचा मार्ग दाखवला होता. बोटीला नाव मिळालं ते ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातल्या तारा-तारिणीच्या देवळावरून. नौदलाची तरंगिणीही आहेच. १९९७ पासून सेवेत असलेल्या या शिडाच्या जहाजाने २००३-०४ मध्ये जगाची फेरी केली. समुद्रावर जाणाऱ्यांनी ‘इनी’ची नावं धरून ठेवली आणि आम्ही किनाऱ्यावरच्यांनी सोडली, असं मला त्या नकाशापुढे उभं राहून वाटायचं. तारिणी सुटसुटीत आहे, आजच्या आईबापांना रुचेल अशी आहे. आणि लाडाने तारू म्हटलं तरी मराठीत तारू म्हणजे जहाजच.

माझं मत तारिणीकडे झुकलं होतं. पण पत्रिका आली आणि त्यात मृग नक्षत्राचं तिसरं चरण निघालं, म्हणजे ‘का’. दादा-वहिनीचा अक्षराबिक्षरावर आग्रह नाही. आईचा आहे, आणि तिची ही पहिली नात. ‘का’वरून ‘इनी’ म्हणजे कामिनी नाहीतर कादंबिनी. कामिनी मी मनातसुद्धा धरली नाही.

राहिली कादंबिनी. मुलगी आषाढात झालेली. तिला रुग्णालयातून मुलुंडच्या घरी आणलं तेव्हा खिडकीतून संजय गांधी उद्यानाच्या डोंगरावर ढगांची काळी रांगच्या रांग उभी होती. मला वाटलं झालं काम. वहिनीला वाटलं नाही. तिची अडचण रास्त होती: “ताई, लोक कादंबरी ऐकणार. शाळेत पोरं चिडवणार. आणि एवढं मोठं नाव मी दिवसातून शंभरदा कशी घेऊ? मला वेळ नसला की मीच पहिली काट मारणार.”

मी म्हटलं, “मग आत्ताच मारून बघू.” नाव कागदावर वाचून ठरवू नये, हाक मारून ठरवावं, हे मी पालकसभेतसुद्धा सांगत असते. कागदावर सगळीच नावं सारखी दिसतात. मी आतल्या खोलीत पाळण्याशी बसले, वहिनी स्वयंपाकघरात गेली. तिने मिक्सरमध्ये ओलं खोबरं घातलं, बटण फिरवलं आणि तिथून हाक मारली. आधी आम्ही दुसऱ्या पसंतीचं, ‘आ’वर संपणारं एक छोटं नाव घेतलं होतं. ते मिक्सरच्या घरघरीत बुडालं, मला नुसता एक ‘आ’ ऐकू आला. मग तिने “कादंबिनीऽ” म्हटलं. ‘का’ बुडाला, ‘दं’चा नुसता ठोका आला, पण ‘नी’ सुईसारखी आरपार आली. वहिनीने मिक्सर बंद केला आणि दारात येऊन विचारलं, “आलं?” मी म्हटलं, “शेवट आला.” तिने पुन्हा मिक्सर लावला, पुन्हा हाक मारली. तिसऱ्या खेपेला तिने ती जरा चालीत मारली, आणि माझ्या लक्षात आलं की आता ती आवाज जोखत नाहीये, तिला ते म्हणायला आवडतंय.

वरच्या मजल्यावरच्या तमिळ मावशी सुंठीचे लाडू घेऊन आल्या होत्या, त्यांनी हे सगळं ऐकलं. त्यांना आमचा खटाटोप कळेना. त्यांच्याकडे हरिणी, दर्शिनी, नंदिनी, सुभाषिणी आजही घरोघरी आहेत, आणि नव्या जन्मलेल्या मुलींच्याही आहेत. त्यांनी बाळाकडे वाकून नाव घेतलं, एकही अक्षर न गाळता, ‘नी’ आमच्यापेक्षा लांब. आपण ज्याला आजीचं म्हणून मोडीत काढतो ते दोन राज्यं पलीकडे रोजच्या वापरात आहे, हे वहिनीला पटायला मी दिलेल्या सगळ्या व्याख्यानापेक्षा त्या एका मिनिटाचा उपयोग झाला.

मग मी तिला कादंबिनी गांगुलींबद्दल सांगितलं. जन्म १८६१. १८८३ मध्ये चंद्रमुखी बसूंबरोबर त्या कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, या देशातल्या पहिल्या दोन स्त्री पदवीधरांपैकी एक. १८८६ मध्ये त्या कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात पदवी मिळाली. आनंदीबाई परत आल्यावर काही महिन्यांतच गेल्या, त्यांना रुग्ण तपासायला मिळालेच नाहीत. कादंबिनींनी पुढे कित्येक वर्षं डॉक्टरी केली, घरात मुलांचा मोठा गोतावळा सांभाळून. १८८९ मध्ये काँग्रेसचं पाचवं अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं, त्याला आलेल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींमध्ये त्या होत्या. वहिनी स्वतः परिचारिका आहे. ती बराच वेळ बाळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “त्यांना घरी काय म्हणत असतील?” मला ठाऊक नव्हतं. पण इतिहासाने त्यांना पूर्ण नावानेच हाक मारली, एवढं मी सांगू शकले.

कागदपत्रांच्या बाजूने एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण घाईत नाव ठेवणारे आईबाप मी पुष्कळ पाहते. जन्माची नोंद नावाची जागा कोरी ठेवूनही होते. बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर त्याला शुल्क पडत नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. तेव्हा रुग्णालयातल्या खाटेवर, अंगात ताप असताना, फॉर्म पुढे आला म्हणून नाव लिहून देऊ नका. थोडे दिवस हाका मारून बघा. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे मुलीच्या नावाला आता आईच्या नावाचा शेजार आहे, तोही कानाने तपासावा. वहिनीचं नाव दोन अक्षरी आणि ‘आ’वर संपणारं. कादंबिनीची ‘नी’ त्यावर येऊन अलगद टेकते. महिन्याभराच्या बाळाची आई स्वतःचं नाव मुलीच्या नावापुढे जोडून पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, ते मला फार आवडलं.

बारसं घरीच झालं. मी पाळण्यात वाकले, कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि पाठीवर धपाटे खाल्ले. सगळ्या बायका घुगऱ्या खात नाव म्हणून बघत होत्या. कुणी कादू म्हटलं, कुणी कादंबी. कादू मला मान्य आहे, लाडाचं नाव असावंच. दादाकडून आणि वहिनीकडून एवढंच वचन घेतलंय, की दिवसातून एकदा तरी, झोपवताना म्हणा, शाळेत सोडताना म्हणा, तिला पुऱ्या नावाने हाक मारायची. पुढे बँकेत किंवा परीक्षेच्या खोलीत कुणी ते नाव पुकारलं तर ती पहिल्या हाकेला उठली पाहिजे.

माझ्या यादीत अजून तटिनी आहे, तारिणी आहे, शिखरिणी, निशीथिनी, निर्झरिणी आहेत, आणि आईची हरकत नसलेल्या कुणाला हवी असेल तर शैवलिनी. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी खुशाल घ्यावी, मला विचारायचीही गरज नाही. निर्झरिणी घेणार असाल तर तो रफार आणि ‘झ’ लिहायला शिकवताना पोरीला थोडा जास्त वेळ द्या. पयस्विनी तेवढी मी माझ्या धाकट्या बहिणीसाठी मागे ठेवलीय. तिला दिवाळीनंतरचे दिवस आहेत, मुलगी झालीच तर मिक्सर घेऊन मी डोंबिवलीला जाणार आहे.